अशी कमांड सापडली नाही

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला गेले, पण नोकरी अमरावतीतच राहिली. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा आणि परत असं अपडाऊन करते. अमरावतीतल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. लॅबमध्ये एक मोठा सर्व्हर आहे, लिनक्सवर चालणारा. पोरं आणि मास्तर सगळे आपापल्या जागेवरून त्यातच शिरतात. शिरायचं म्हणजे पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची, तिला टर्मिनल म्हणतात, आणि तिच्यात हुकूम टाइप करायचे. माउसचं काम नाही, चित्रं नाहीत. नव्या पोरांना पहिले काही दिवस वाटतं, मशीन बिघडलंय.

घरी आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पेरणीच्या दिवसांत तो बोलायला सापडत नाही आणि एरवी त्याला बोलायला फारसं लागत नाही. घरातलं बोलण्याचं सगळं खातं सासूबाईंकडे. त्यांचं माहेर अकोटकडचं, काळ्या जमिनीचं, मोठं खटलं. लहानपणी शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाका मारायची सवय झालेली, ती तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आल्यावरही गेली नाही. सकाळी त्या भाजीवाल्याशी गॅलरीतून बोलतात तेव्हा समोरच्या इमारतीतल्या बायकाही आपली भाजी ठरवून घेतात.

मी घरात असताना त्या माझ्याशी बोलायच्या, आणि नसताना फोनवर. माझं लेक्चर, प्रॅक्टिकल, मीटिंग, कशाचाही त्यांच्या बोलण्याशी संबंध नव्हता. "काय वं, मोहरी कोठी ठेवली?" "थ्या शेजारणीच्या पोरीचं जमलं म्हणतात, तुले काई सांगतलं का तिनं?" "टीव्हीचा आवाज जाऊन राह्यला, कोणतं बटन दाबू?" मी व्हरांड्यात जाऊन सांगायची. मोहरी सापडली की नाही हे कळवायला परत फोन यायचा.

अशाच एका दिवशी आमचा सर्व्हर नवा बसवला होता आणि प्रत्येकाला नवा पासवर्ड द्यायचा होता. मशीन हटून बसलं होतं. मी दिलेला पहिला शब्द त्याला फार लहान वाटला. दुसरा फार सोपा वाटला. तिसऱ्यात मोठं अक्षर नव्हतं, चौथ्यात आकडा नव्हता. आणि टेबलावर फोन थरथरत होता, थांबत होता, परत थरथरत होता. घरातला साबुदाण्याचा डबा सापडत नव्हता. मी फोन उचलला, डबा सांगितला, ठेवला. लगेच परत वाजला. मी तो वाजू दिला आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, सासूबाईगप्पबसा. मोठं अक्षर हवं होतं म्हणून सासूबाईंचा पहिला एस मोठा केला, आणि आकडा हवा होता म्हणून शेवटी एक लावला. मशीन खूश झालं. पासवर्ड भक्कम आहे असं त्यानं हिरव्या अक्षरांत कळवलं.

त्यानंतर तो तसाच राहिला. दिवसातून कितीतरी वेळा बोटं ते वाक्य टाइप करायची आणि डोक्याला पत्ता नसायचा. किल्लीवर काय कोरलंय ते कुलूप उघडताना कोण वाचतं? कधीकधी तर मी सासूबाईंशी फोनवर हसून बोलत असायची आणि दुसऱ्या हातानं त्यांना गप्प बसायला सांगत असायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण मला ते दिसतच नव्हतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. लिनक्स तर ठिपकेसुद्धा दाखवत नाही.

आमच्या डिपार्टमेंटला एक तरुण सहकारी आली. तीही अकोल्याची, तीही अपडाऊनवाली. तिच्या घरचा कूलर बनवायचा धंदा. वडील, काका, भाऊ सगळे पत्रा, पंखे आणि गवताच्या ताट्या यांत गुंतलेले. ही एकटीच सर्व्हरच्या नादी लागली. घरात उर्दू, कारखान्यात वऱ्हाडी, कॉलेजात मराठी, आणि माझ्याशी गाडीत तिन्ही. ती मला दीदी म्हणायची. गाडीत इतर बायका भाजी निवडायच्या, विणायच्या, डुलक्या काढायच्या. ही मोबाईलवर जगभरातल्या कॉम्प्युटरच्या दुखण्यांच्या बातम्या वाचायची, अगदी रस घेऊन.

एके दिवशी मूर्तिजापूर गेल्यावर तिनं मला कोपरानं ढोसलं. "दीदी, हे पाहा. आपल्याच लॅबसाठी निघालंय वाटतं."

वॉल नावाची एक जुनी कमांड आहे. एकानं तिच्यातून निरोप लिहिला की तो सर्व्हरवर बसलेल्या सगळ्यांच्या टर्मिनलवर उमटतो. मी ती नेहमी वापरायची, 'सर्व्हर थोड्या वेळात बंद होईल, आपापलं काम सेव्ह करा' असं सांगायला. तर त्या कमांडमध्ये पुष्कळ वर्षांपासून एक भोक होतं, आणि ते आता कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

"निरोपात साधी अक्षरंच जायला हवीत ना?" ती म्हणाली. "पण ही कमांड छुपी चिन्हंही जाऊ देते. त्या चिन्हांनी समोरच्याचा पडदा पुसता येतो, रंग बदलता येतो, समोरचा टाइप करतो ते दिसेनासं करता येतं, पाहिजे तिथं पाहिजे ते लिहिता येतं. मग मी तुमच्या टर्मिनलवर लिहिणार, पासवर्ड द्या. हुबेहूब मशीन विचारतं तसं."

"आणि मी देणार?"

"तुम्हाला काय माहीत की मी विचारून राहिले? तुम्हाला वाटणार मशीनच विचारतंय."

"पण मी टाइप केलेलं तुला कसं दिसेल? ते तर माझ्याच टर्मिनलवर राहणार."

इथं तिचे डोळे चमकले. "वही तो मजा है, दीदी. खरं म्हणजे तिथं पासवर्ड विचारणारं कोणीच बसलेलं नसतं. तुम्ही एंटर मारलं की मशीनला वाटतं, ही कमांडच दिली. ते तुमचा पासवर्ड घेऊन सगळीकडे विचारत फिरतं, या नावाची कमांड कुणाकडे आहे का? आणि ते विचारत असताना, तेवढ्या क्षणापुरतं, सर्व्हरवर कोण काय काम करून राहिलंय त्या यादीत तो शब्द सगळ्यांना दिसतो. पाहणारा टपून बसला असला म्हणजे झालं."

मी म्हटलं, आपल्याकडे दुरुस्ती बसवून टाकू. दुरुस्ती निघालेलीच होती, पाव तासाचं काम. पण सर्व्हरला हात लावायचा तर विभागप्रमुखांची परवानगी लागायची.

आमचे सर वरूडचे. घरची संत्र्याची बाग. स्वभाव शांत, आणि चालू गोष्टीला हात लावायला त्यांचा सक्त विरोध. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजवर कोणाचा पासवर्ड गेला?"

"आपल्याकडे अजून नाही, सर."

"मग?"

सहकारी म्हणाली, "सर, मी करून दाखवू? साध्या विद्यार्थ्याच्या खात्यातून. मला जादा काही अधिकार नकोत."

सरांना हे आवडलं. शनिवारी सगळ्या स्टाफसाठी कॉम्प्युटर सुरक्षेवर कार्यशाळा होतीच, वरून आदेश आलेला, ऑफिसच्या लोकांनाही हजेरी सक्तीची. तिच्यात काय सांगायचं हा प्रश्न होता, तो सुटला. "दाखवा," सर म्हणाले. "पण पासवर्ड कोणाचा काढणार?"

मी म्हटलं, "माझा काढू दे."

मला वाटलं, मी फसणारच नाही. मला तर सगळं माहीत होतं. सहकारिणीनं विचारलं, "नक्की ना दीदी? ऐनवेळी पासवर्ड बदलून ठेवा हवं तर." मी म्हटलं, बदलायची गरजच काय, मी देणारच नाही.

शनिवारी सरांनी बागेतली दोन क्रेट संत्री आणली. मागच्या रांगेत ऑफिसची मंडळी बसून सोलत होती आणि एसीमुळे लॅबभर सालांचा वास कोंडला होता. माझं टर्मिनल एका भिंतीवर दाखवलं होतं. सहकारी दुसऱ्या बाजूला आपल्या लॅपटॉपजवळ, तिच्या पडद्यासाठी दुसरी भिंत. तिनं सुरुवातीला सगळ्यांना बजावून सांगितलं की आज केव्हातरी मॅडमच्या टर्मिनलवर खोटा प्रश्न येईल आणि मॅडमनी तो ओळखायचा आहे. मी हसून मान हलवली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मी नेहमीची कामं करून दाखवत होते. फायली, खाती, जागा किती उरली. दोनदा निरोप आले, मी दोन्ही ओळखले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटू लागलं. मग सर म्हणाले, "मॅडम, हजेरीपत्रक छापायचं राहिलं. प्रिंटर बंद आहे वाटतं."

प्रिंटरची सेवा चालू करायची तर सुडो म्हणून एक कमांड असते. ती आधी तुमचा पासवर्ड मागते आणि मग मोठ्या अधिकारानं काम करू देते. मी सुडो दिलं. मशीननं पासवर्ड मागितला, खराखुरा. मी तो दिला. पडद्यावर आलं, चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. खाली माझं नाव, आणि परत पासवर्ड.

आता पासवर्ड चुकतो तो माणसाचाच चुकतो, असं माणूस धरून चालतो. कॅप्स लॉक असेल, बोट घसरलं असेल. सगळे बघत होते, प्रिंटर थांबला होता. मी घाईनं पण नीट, एकेक अक्षर दाबून, तो परत टाइप केला आणि एंटर मारला.

पहिला पासवर्ड बरोबर होता. प्रिंटरही चालू झाला होता. 'चुकलं' हे तिनं लिहिलं होतं. मी सुडो देईपर्यंत तिचा चार ओळींचा चिमुकला प्रोग्राम वाट बघत बसला होता.

आणि तिला आपल्या कामाचा अभिमान होता, म्हणून सापडलेला शब्द मोठ्या ठळक अक्षरांत दाखवायची सोय तिनं करून ठेवली होती. तो आधी तिच्या भिंतीवर आला. नंतर माझ्या भिंतीवर मशीनचं उत्तर उमटलं, इंग्रजीत, की सासूबाईगप्पबसाएक अशी कमांड सापडली नाही.

सहकारिणीनं लॅपटॉप मिटला. घाबरून मिटला, पण तिची भिंत काळी झाली तरी माझी तशीच राहिली. आणि ती पुसायचं माझ्या तेवढ्यात ध्यानात आलं नाही. इंग्रजी अक्षरांतलं मराठी चटकन लागत नाही, म्हणून गणिताच्या एका मास्तरांनी ते मोठ्यानं, तुकडे पाडत वाचलं. "सा-सू. सासूबाई. गप. गप्प. बसा." मागे संत्री सोलणारे हात थांबले.

सर चष्मा वर करून भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "अशी कमांड कुठंच सापडत नाही, मॅडम. मीही शोधलेली आहे."

मग लॅब हसली. मीही हसले, दुसरं काय करणार. कुणीतरी विचारलं, शेवटी एक कशाला? सर म्हणाले, एकच असते म्हणून. चहापर्यंत सगळा स्टाफ आपापले पासवर्ड बदलायच्या मागे लागला होता. त्यांचेही काय काय होते ते त्या घाईवरून दिसतच होतं. सरांनी त्याच वेळी दुरुस्तीला परवानगी दिली. मी ती बसवली. पाव तासात सर्व्हर बरा झाला.

फक्त मागच्या रांगेतला एक माणूस हसला नव्हता. अकाउंट्समधले एक गृहस्थ, नांदगाव खंडेश्वरचे. ते माझ्या सासूबाईंच्या मावसबहिणीचे जावई लागतात. चहाच्या वेळी ते खिडकीजवळ उभे राहून हळू आवाजात फोनवर बोलत होते. मला बघून त्यांनी पाठ केली.

परतीच्या गाडीत सहकारी माझ्याकडे बघेना. बडनेऱ्याला गाडीत चढल्यापासून ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दीदी, मला वाटलं मांजराबिंजराचं नाव असेल."

"आमच्याकडे मांजर नाही."

"मी येऊ घरी? अम्मीला घेऊन येते. माफी मागते."

"तू काय केलंस? प्रश्न तू विचारलास, उत्तर मी दिलं."

"तरी पण," ती म्हणाली. मला म्हटलं तर अजून हसू येत होतं. एक शंभर किलोमीटर लांबची गोष्ट, ती अकोल्यापर्यंत पोचायला कुणाला एवढी पडली आहे, असं मी स्वतःला सांगत होते.

गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. नवऱ्यानं दार उघडलं आणि भुवया वर केल्या. सासूबाई ओट्याजवळ कणीक मळत होत्या. मी म्हटलं, "आई, मी आले." त्या मळत राहिल्या.

जेवायला बसलो. माझ्या ताटात वरण कमी होतं. सासूबाई मुलाला म्हणाल्या, "तिले इचार, वरण पायजे का."

मी त्यांच्याच शेजारी बसले होते. नवरा म्हणाला, "वरण हवं का?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आई, हो म्हणते." असं ते वरण माझ्या ताटात आलं.

थोड्या वेळानं त्याला वाटलं, बायकोची बाजू घ्यायला हवी. तो म्हणाला, "आई, पण तिनं 'बसा' म्हटलं. 'बस' नाही म्हटलं."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं उरलेली भाकरी ताकात चुरून खाली मान घातली.

आणि त्या गप्प बसल्या. म्हणजे अगदी पासवर्डात सांगितल्याप्रमाणे. सकाळी भाजीवाला खाली उभा राहून वर बघत राहायचा आणि त्या बोटांनी किलो-अर्धा दाखवायच्या. समोरच्या इमारतीतल्या एकीनं मला जिन्यात गाठून विचारलं, आईंचा घसा बसला का. टीव्ही लागायचा, पण त्यातल्या सुनांना त्या आता काही सल्ला देत नव्हत्या. कॉलेजात माझा फोन वाजेना. मी प्रॅक्टिकल घेता घेता तो सायलेंटवर तर नाही ना ते बघायची. एकदा तर मीच फोन केला, जिरे कुठं आहेत ते ठाऊक आहे ना असं विचारायला. जिरे नेहमीच्याच डब्यात होते. त्यांनी फोन उचलला, ऐकला आणि ठेवला.

मला आधी गंमत वाटली, मग राग आला. एवढ्या एका शब्दासाठी? आणि तोही माझा खासगी शब्द, कुलपाआड ठेवलेला. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मात्र मला घर मोठं वाटायला लागलं. आमचा फ्लॅट मोठा नाही.

आठवडा उलटल्यावर, रविवारी, सहकारी आलीच. एकटीच आली, हातात बेकरीतली नानखटाई. मी दार उघडलं तर ती माझ्याकडे न बघता सरळ आत गेली आणि सासूबाईंच्या समोर खाली बसली. "आँटी, चूक माझी आहे. दीदीनी तुमचं नाव कोणाला सांगितलं नाही. मी फसवून काढलं."

सासूबाईंनी तिला खाली राहू दिलं नाही, उठवून खुर्चीवर बसवलं. पाहुण्याशी अबोला धरायची त्यांची पद्धत नाही. "कोणायच्या घरची तू?" त्यांनी विचारलं. तिनं कूलरचा कारखाना सांगितला. "हो का. आमचा कूलर तुमच्याकडचाच हाय. ताट्या बराबर बसत नाई त्याच्या."

"मी भावाला पाठवते."

"पाठव. अन् आता सांग, फसवलं म्हंजे कसं?"

तिनं सांगितलं. टर्मिनल, निरोप, छुपी चिन्हं हे सगळं बाजूला ठेवून सांगितलं. "समजा तुमच्या दाराची बेल वाजली आणि तुम्ही विचारलं, कोण आहे? बाहेरून मी दीदीच्या आवाजात म्हणाले, आई, मीच आहे, किल्ली विसरले, खिडकीतून टाका. तुम्ही टाकणार ना? तसंच. दीदीला वाटलं मशीन विचारतंय. विचारून मी राहिले होते."

"अन् हिनं टाकली किल्ली."

"टाकली."

"अन् किल्लीवर मायं नाव."

सासूबाईंनी नानखटाईचा पुडा उघडला, एक तिच्या हातात दिली, एक स्वतः घेतली. मग आठवड्यात पहिल्यांदा त्या माझ्याकडे वळल्या.

"गप्प बसा म्हणलं त्याचा मले राग नाई," त्या म्हणाल्या. "माह्या सासूले त मी मनातल्या मनात काय काय म्हणलं हाय. तिच्यापाशी कम्प्युटर असता त तिनं मले घरात ठेवलं नसतं. राग त्याचा नाई."

"मग कशाचा, आई?"

"हेच. घरी तू मले आई म्हणतं. सात-आठ वर्सं झाले, सगळ्यायले सांगतो मी, माही सून मले आई म्हणते. अन् तिकडे कम्प्युटरपाशी मी सासूबाई काहून?"

असा प्रश्न कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. मी आठवडाभर 'गप्प बसा'चं समर्थन तयार करत होते. किती फोन येतात, काम कसं अडतं, मशीन कसं हटून बसलं होतं. ते सगळं निरुपयोगी झालं. मी खरं तेच बोलले, कारण दुसरं काही तयार नव्हतं.

"आई लिहिलं असतं तर पुढं गप्प बसा लिहिता आलं नसतं. आईला तसं म्हणवत नाही."

त्यांनी त्याचा विचार केला. नानखटाई खाऊन होईपर्यंत केला. हातावरचा चुरा झटकला.

"म्हंजे भांडायच्या वेळी सासूबाई, अन् बाकीच्या वेळी आई."

"बहुतेक."

"हे बरं हाय तुमचं," त्या म्हणाल्या. मग सहकारिणीकडे वळून म्हणाल्या, "तुले माय-बाप काय म्हणतात, लग्नाचं काई पाहून राह्यले का नाई?" आणि त्या बोलू लागल्या. आठवड्याचं साचलेलं होतं. मावसबहिणीच्या जावयापासून सुरुवात झाली. त्याला चुगली करायची सवय लहानपणापासून आहे, त्यानं एकदा स्वतःच्याच आईला कसं अडकवलं होतं, तिथपासून. सहकारी दुपारच्या जेवणापर्यंत बसली आणि निघताना तिच्याबरोबर आंब्याचं लोणचं गेलं. गॅलरीतून सासूबाईंनी तिला कोपऱ्यावरच्या ऑटोपर्यंत सूचना दिल्या. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या.

पासवर्ड मी अर्थात बदलला. आता सासूबाईंना त्याची फार उत्सुकता असते. पहिले काही दिवस त्यांनी सरळ विचारलं. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो हे मी सांगितलं, ते त्यांना पटलं, आणि मग त्या तो ओळखायला लागल्या. भाजी चिरता चिरता मध्येच म्हणतात, "वरणफळं असन." मी म्हणते, नाही. "त मंग नवऱ्याचं नाव असन." नाही. "नसनच, त्याचं कोण ठेवते." सहकारिणीलाही फोन करून त्या विचारतात की तिला ते भोकातून परत बघता येणार नाही का. तिनं सांगितलं, आँटी, ते भोक दीदीनं बुजवलं. त्या म्हणाल्या, मोठी हुशार.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना एक फोन आला. बँकेतून बोलतोय, खातं बंद होणार आहे, मोबाईलवर आलेला आकडा सांगा. मी तेव्हा आंघोळीला गेले होते. बाहेर आले तेव्हा त्या पलंगावर मांडी घालून, फोन स्पीकरवर ठेवून बसल्या होत्या.

"तुम बँक के है, ये मेरेकू कैसा समझना?" त्या आपल्या हिंदीत विचारत होत्या. "पहले तुमच तुम्हारा पासवर्ड बताव."

तो म्हणाला, माताजी, आमचा पासवर्ड नसतो.

"ऐसा कैसा? सबका रहता. हमारे बहू का तो बहुत बडा था." मग त्यांनी त्याला कोणत्या गावचा ते विचारलं. त्यानं काहीतरी सांगितलं. घरी कोण कोण आहे, आई आहे का, तिला तो काय म्हणून हाक मारतो. तो आकडा मागत राहिला आणि त्या त्याची चौकशी करत राहिल्या. मी हातानं खुणा करत होते, ठेवा, ठेवा. त्यांनी मला हात दाखवून थांबवलं. त्याला जेवलास का म्हणून विचारलं तेव्हा त्यानं फोन ठेवून दिला.

सासूबाईंनी फोन उशीजवळ ठेवला. "चोर होता हे त समजलं मले," त्या म्हणाल्या. "पण बोलाले चांगला होता बिचारा."